घरातले शब्द आणि एका वाक्यातला मृत्यू

प्रश्न : नातालिया गिन्झबर्ग या इटालियन लेखिकेची ‘लेस्सिको फामिल्यारे’ (म्हणजे ‘घरातला शब्दसंग्रह’) ही कादंबरी नुकतीच इंग्रजी अनुवादातून वाचली. घरातल्या माणसांच्या बोलण्यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या लेखिकेने पतीचा तुरुंगातील मृत्यू मात्र जेमतेम एका वाक्यात उरकला आहे. हा कोरडेपणा समजावा काय? आणि सगळी माणसे खरी असताना हिला कादंबरी का म्हणायचे? आमचे घर विणकरांचे. पाहुण्यांसमोर आजोबा ‘धोटा अडकला’ म्हणाले, की दूध संपले आहे हे फक्त आम्हा घरच्यांनाच कळे. म्हणून पुस्तक जवळचे वाटले आणि म्हणूनच ते वाक्य खटकले.
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपल्या आजोबांचा अडकलेला धोटा हीच या पुस्तकाची किल्ली आहे. ‘आपण बेर्गामोला सहलीला आलेलो नाही’ यासारखे घरातले एखादे ठरलेले वाक्य कानी पडले, तर अंधाऱ्या गुहेत किंवा लाखोंच्या गर्दीतही आम्ही भावंडे एकमेकांना ओळखू, असे नातालिया लिहितात. 1916 साली पालेर्मोत जन्मलेल्या आणि तुरीनमध्ये वाढलेल्या या मुलीचे वडील, ज्युझेप्पे लेव्ही, शरीररचनाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. त्यांच्या तीन विद्यार्थ्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरीत मात्र ते भेटतात जेवणाच्या टेबलावर मुलांवर ओरडणारे आणि सगळ्यांना डोंगर चढायला लावणारे गृहस्थ म्हणून.

लेव्ही कुटुंब ज्यू आणि फॅसिझमविरोधी. 1938 साली नातालियांचा विवाह लेओने गिन्झबर्ग यांच्याशी झाला. फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देऊन प्राध्यापकी गमावलेले हे विद्वान ‘एनाउदी’ या प्रकाशनसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. 1940 मध्ये सरकारने त्यांना मध्य इटलीतल्या आब्रुत्सो प्रांतातील पित्सोली या खेड्यात स्थानबद्ध केले. ज्यूंविरोधी वांशिक कायद्यांमुळे स्वतःच्या नावाने छापणे अशक्य असल्याने 1942 ची पहिली कादंबरी नातालियांना टोपणनावाने प्रसिद्ध करावी लागली. पुढे जर्मन सैन्य आले, तेव्हा त्या खेड्यातल्या लोकांनी ‘ही नेपल्सची निर्वासित बाई, हिची कागदपत्रे हरवली आहेत’ असे सांगून त्यांना मुलांसह जर्मनांच्याच ट्रकमधून रोमला पोहोचवले. लेओने यांना लवकरच अटक झाली आणि फेब्रुवारी 1944 मध्ये रोमच्या रेजीना चेली तुरुंगात, छळ सोसून, त्यांचा मृत्यू झाला.

आता आपल्याला खटकलेले ते वाक्य कोठे येते, ते पुन्हा पाहावे. प्रकाशकाच्या खोलीतील भिंतीवर लेओने यांचे लहानसे चित्र टांगलेले आहे, मान किंचित झुकलेली, चष्मा नाकावर घसरलेला. त्या वर्णनाच्या ओघात, ते तुरुंगात वारले, एवढेच आपल्याला कळते. आधी घसरलेला चष्मा दिसतो, मग मृत्यू कळतो. मला हा कोरडेपणा वाटत नाही. आपल्याकडेही घरातल्या मोठ्या दुःखाविषयी बोलताना बाई खुंटीवरच्या सदऱ्याबद्दल बोलते, आणि ऐकणाऱ्याला सारे उमगते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखिकेनेच प्रस्तावनेत दिले आहे. यातली माणसे, स्थळे, प्रसंग खरे आहेत; कल्पनेने काही रचले, की ते लगेच पुसून टाकावेसे वाटे, असे त्या सांगतात. तरीही आठवणींत पुष्कळ गाळलेले असते, म्हणून वाचकाने हे पुस्तक कादंबरीसारखे वाचावे, कादंबरीकडून अपेक्षावे त्याहून जास्तही मागू नये आणि कमीही, ही त्यांची विनंती आहे. ही माझी नव्हे, माझ्या घराची कथा आहे, असेही त्या स्पष्ट करतात. स्वतःचे दुःख मागे ठेवण्याचे कारण मला येथेच दिसते. 1963 साली या पुस्तकाला इटलीतील मानाचे स्त्रेगा पारितोषिक मिळाले.

लेओने यांच्याविषयी अधिक वाचायचे असेल, तर नातालियांनी 1944 साली लिहिलेला ‘आब्रुत्सोतील हिवाळा’ हा छोटा लेख अवश्य मिळवावा. खेड्यातली थंडी, शेकोटी आणि कंटाळा यांचे वर्णन शांतपणे चालू असते. शेवटच्या परिच्छेदात मात्र, पतीच्या एकाकी मृत्यूपुढे उभ्या राहून, हे खरेच आमच्या वाट्याला आले काय, असे त्या विचारतात.