एफडी मोडून साइडकारची किट्स घ्यावीत का?

नेरूळचे एक वाचक लिहितात : "वय ४६, रबाळे एमआयडीसीत टूलरूमला नोकरी. मुलगी अकरावीत, तिच्या इंजिनीअरिंगसाठी ३ लाखांची एफडी आहे. जर्मनीतला एक संग्राहक शर्यतीच्या जुन्या साइडकार मोटरसायकलींची नऊ न उघडलेली मॉडेल किट्स (सुटे भाग जोडून करायच्या छोट्या प्रतिकृती) १,५०,००० रुपयांना देतोय, पाठवणावळ १८,००० वेगळी. उत्पादन बंद झालेली अशी किट्स ऑनलाइन दुप्पट भावाने दिसतात. एफडी मोडून घेऊ का? फीच्या वेळी विकून टाकीन."

नऊ घेऊ नका, आणि त्या एफडीतून तर एकही नको.

आवडीबद्दल तक्रार नाही. १९५४ ते १९७४ या २१ वर्षांत साइडकारची १९ जागतिक विजेतेपदे बीएमडब्ल्यूच्या इंजिनांवर जिंकली गेली. वळणावर बाहेर झुकून गाडी जमिनीला धरून ठेवणारा साइडकारमधला तो जोडीदार पाहिला की टूलरूममधल्या माणसाचा जीव अडकणारच. पण हे वेड आहे जर्मनी-इंग्लंडातलं, आणि त्या शर्यती प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आज म्हातारी झालीय. हा संग्राहक सगळं एकदम का काढतोय, हे त्याला जरूर विचारा.

आता हिशेब. १,६८,००० ही सुरुवात झाली. २०२३ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क ६० वरून ७० टक्के झालं, आणि लहान आकाराची मॉडेल्स त्याच वर्गात मोडतात. म्हणजे आणखी १,१७,६००. एकूण २,८५,६००, वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कुरियरचं शुल्क. एफडी संपलीच. वैयक्तिक वापराच्या पार्सलला वेगळा दर लागतो, पण विकण्यासाठी आणलेला माल वैयक्तिक म्हणून दाखवायचा सल्ला मी देणार नाही.

ही एफडी सात टक्क्यांनी दोन वर्षांत, करापूर्वी, साधारण ३ लाख ४४ हजार होते. तेवढे हातात पडायला किट्स त्याहून बऱ्याच चढ्या भावाने विकावी लागतील, कारण लिलावाच्या संकेतस्थळाचं कमिशन आणि परदेशी टपाल तुमच्याच खिशातून जाणार. ठाण्या-मुंबईत गिऱ्हाईक शोधू म्हणाल, तर नऊ जण मिळतील का? आणि तुम्ही पाहिलेला दुप्पट भाव मागितलेला होता की मिळालेला? पूर्ण झालेल्या विक्रीच्या किमती वेगळ्या काढून पाहा.

खरी भीती तीच किट्स पुन्हा निघण्याची. इटलीचे शर्यतपटू तार्क्विनिओ प्रोविनी यांनी सुरू केलेल्या प्रोतार या मॉडेल कंपनीची १/९ मापाची किट्स पुढे इतालेरी या दुसऱ्या मॉडेल कंपनीने पुन्हा बाजारात आणली. साचे शाबूत असले की कंपनी कधीही नवा डबा काढते, आणि जुन्या डब्याची दुर्मिळता बरीचशी ओसरते. शिवाय नेरूळच्या पावसाळी दमट हवेत डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं) पिवळे पडतात, चिकटतात. मऊ रबरी टायर प्लास्टिकला लागून राहिले तर त्यालाही खातात. एफडीला सिलिका जेलच्या पुड्या लागत नाहीत.

कराचं थोडक्यात : गुंतवणूक म्हणून २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलीत तर नफ्यावर १२.५ टक्के, सारखी घेत-विकत राहिलात तर तो धंदा ठरतो.

नऊ डब्यांची फौज सोडा. यंदाच्या दिवाळी बोनसमधून एक-दोन किट्स घ्या, शक्यतो भारतातल्या विक्रेत्याकडून, आणि खुशाल उघडून जोडा. जोडलेल्या किटला सहसा कमी भाव येतो, पण ते पैसे परत मिळवायचेच नसतील तर काय बिघडलं? एफडीची मुदत मात्र प्रवेशाच्या महिन्याशी जुळते का, हे या आठवड्यात बँकेत जाऊन पाहा. मुदत प्रवेशाच्या पुढे जात असेल तर आधी मोडल्यावर किती दंड लागतो, तेही विचारून ठेवा.