चुलीमागची एकच काडी

प्रश्न : कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या ‘स्वेट’ (१९२६) या कथेत सुरुवातीलाच नवरा बायकोच्या खांद्यावर चाबूक टाकतो, तिला तो साप वाटतो. शेवटी खराच साप येतो. इतकी उघड पूर्वसूचना देऊनही शेवट हादरवतो, तो कसा? छळाच्या संसारावर लिहिताना मला हे जमत नाही.

उत्तर : साप येणार हे लेखिका लपवतच नाही. तो डसणार कुणाला, एवढंच राखून ठेवते. फ्लोरिडातली डेलिया पंधरा वर्षं गोऱ्यांचे कपडे धुऊन घर चालवते आहे. तिच्या नवऱ्याला, साइक्सला, तिला घालवून तिथे दुसरी बाई आणायची आहे. आधी चाबूक, मग साबणाच्या खोक्यात ठेवलेला साप, मग तोच साप तिच्या धुण्याच्या टोपलीत. दर वेळी भीती तिच्या कामाच्या आणखी जवळ सरकते.

पण खरं कसब आहे ते आगकाडीत. रात्री चर्चमधून परतलेल्या डेलियाला चुलीमागे एकच काडी सापडते, बाकीच्या साइक्सने नेलेल्या. वाचताना हा त्याच्या फुकटेपणाचा आणखी एक दाखला वाटतो. त्या काडीने लावलेल्या दिव्यात तिला टोपलीतला साप दिसतो आणि ती बाहेर पळते. पहाटे साइक्स अंधारात काडी शोधत चाचपडतो. काडी मिळत नाही, साप मात्र गाठतो.

प्रत्येक प्रतिमा पूर्वसूचना नसते, हेही पाहा. दुकानाच्या ओट्यावरचे पुरुष म्हणतात, काही नवरे बायकोला उसासारखं चघळून चोथा फेकतात. हा ऊस मागची पंधरा वर्षं सांगतो, पुढचं नाही. मात्र एवढं बोलून तेच पुरुष कलिंगडाकडे वळतात, तेव्हा हिच्या मदतीला कुणी येणार नाही हे कळून चुकतं.

तुम्ही शेवट आधी लिहा. तो घडायला कोणती वस्तू लागते ते ठरवा आणि मग मागे जाऊन ती रोजच्या कामात, दुसऱ्याच कारणासाठी येऊ द्या. मंगळसूत्र तुटणं, दिवा विझणं याने पुढे काहीच घडत नाही, म्हणून ते लादलेलं वाटतं. वस्तू काढून पाहा. शेवट तसाच राहिला तर ती नुसती सजावट. चाबकासारखी ठळक प्रतिमा पहिल्या पानावर चालते. काडीसारखी बारीक वस्तू वाचक विसरतो, म्हणून ती शेवटाच्या थोडंच आधी, अर्ध्या वाक्यात आणि तक्रारीच्या सुरात आणा.