मोठेपणी अरबी शिकायला बसताना

वय आड येणार नाही, घाई मात्र येईल. तफसीर (कुराणाचं विवरण), हदीस (पैगंबरांची वचनं आणि आचरण), फिकह (इस्लामी धर्मनियम) सगळं एकदम उघडू नका. आधी सर्फ आणि नह्व, म्हणजे शब्दांची घडण आणि वाक्याची रचना. क-त-ब ही तीन मुळाक्षरं घ्या: कतब म्हणजे त्याने लिहिलं, कातिब लिहिणारा, मक्तूब लिहिलेलं. हे साचे तोंडात बसले की अरबी कोश बघता येतो, कारण बरेच कोश मुळाक्षरांनुसारच लावलेले असतात.

शेवटच्या स्वराकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. कुराणातल्या सूरह फातिर या अध्यायाच्या २८व्या आयतीत 'अल्लाह'वर जबर ('अ' स्वराचं चिन्ह, इथे कर्म दाखवणारं) आहे, 'उलमा'वर, म्हणजे ज्ञानी लोकांवर, पेश ('उ' स्वराचं चिन्ह, इथे कर्ता दाखवणारं). म्हणून अर्थ होतो, अल्लाहच्या दासांपैकी ज्ञानी लोकच त्याचं भय बाळगतात. ही दोन चिन्हं अदलाबदल झाली तर अर्थच उलटा! हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी वही तशीच धरून बराच वेळ बसून होतो. त्यानंतर व्याकरण कधी रटाळ वाटलं नाही.

सुरुवातीला 'आजुर्रूमिया' पुरे. सातशे वर्षांपूर्वीची व्याकरणाची छोटीशी पुस्तिका आहे, पण उस्तादांसमोर बसूनच वाचा. आणि फिकहचे मसले, म्हणजे धर्मनियमांच्या प्रश्नांची उत्तरं, स्वतःच्या वाचनावरून काढू नका, निदान काही वर्षं तरी.