‘एकजुटता’ नव्हे, एकजूट. आणि तिच्यामागचं कर्ज

पुण्यातल्या एका महाविद्यालयात स्त्री अभ्यास शिकवणाऱ्या प्राध्यापिका एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं काढताहेत. ‘ट्रान्सनॅशनल फेमिनिझम’ला, म्हणजे देशांच्या सीमा ओलांडून विचार करणाऱ्या स्त्रीवादाला, मराठीत काय म्हणावं, आणि ‘अँटी-इम्पीरिअलिस्ट सॉलिडॅरिटी’ला ‘साम्राज्यवादविरोधी एकजुटता’ चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

नाही चालणार. गुडलक चौकातल्या निदर्शनांत हा शब्द फलकांवर दिसतो आणि घोषणा कितीही पटली तरी माझं डोकं फिरतं. हिंदीत ‘एकजुट’ हे विशेषण आहे, म्हणून त्याला ‘ता’ जोडून नाम करावं लागतं. आपली ‘एकजूट’ मुळातच नाम, तेही स्त्रीलिंगी. एकजूट झाली, एकजूट फुटली, एकजुटीने लढलो. तिला आणखी ‘ता’ची शेपटी कशाला? ‘ऐक्यता’ लिहिणारे याच पंगतीतले.

काही विद्वान इथे ‘बंधुभाव’ सुचवतात. ज्या राज्यात राखी बांधून घेतल्यावर बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, तिथे बायकांच्या चळवळीला ‘बंधुभाव’ चिकटवायचा म्हणजे कमाल आहे! मग तडजोड म्हणून ‘भगिनीभाव’ पुढे करतात. तो ‘सिस्टरहुड’चा प्रतिशब्द झाला, आणि या विषयातला मुख्य वाद नेमका त्याच कल्पनेशी आहे. स्त्रीवादी अभ्यासक चंद्रा तळपदे मोहंती (जन्म मुंबईचा, अध्यापन अमेरिकेत) यांनी ‘सिस्टरहुड’ बाजूला सारून ‘सॉलिडॅरिटी’ उचलली ती यासाठीच. बाईच्या जन्माला आलो म्हणून जगभरच्या बायका आपोआप एक होत नाहीत. वंश, वर्ग, वसाहत यांनी पाडलेल्या भेगा ओळखून एकी लढ्यात कमवावी लागते. भगिनीभाव लिहिलात की पहिल्याच तासाला विषय उलटा शिकवलात.

आता खरी गंमत. ‘सॉलिडॅरिटी’चा उगम भावनेत नाही, कर्जरोख्यात आहे. रोमन कायद्यात ‘इन सोलिडुम’ नावाचं बंधन असे. अनेकांनी मिळून कर्ज घेतलं, तर सावकार त्यांतल्या कोणाही एकाकडून सगळंच्या सगळं वसूल करू शके. ‘माझा हिस्सा दिला, मी मोकळा’ ही सबब नाही. फ्रेंच कायद्याने तिथूनच ‘सोलिदारिते’ घेतला आणि एकोणिसाव्या शतकात तो कामगारांच्या, समाजवाद्यांच्या तोंडी आला. मूळ लॅटिन ‘सोलिडुस’ म्हणजे अखंड, पुरता. आपला ‘सर्व’ त्याच घराण्यातला, आणि कट्ट्यावरचं ‘सॉलिड!’सुद्धा. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने काढलेल्या सोन्याच्या नाण्याचं नावही सोलिडुस. त्या नाण्यात पगार घेणारा तो पुढे ‘सोल्जर’ झाला. म्हणजे साम्राज्याचा पगारी शिपाई आणि साम्राज्याविरुद्धची सॉलिडॅरिटी ही एकाच मुळाची पोरं! वर्गात एवढं सांगा, मागच्या बाकावरचेही माना वर करतील.

हे सगळं परकं वाटत असेल तर जुने महसुली कागद बघा. त्यांत ‘साखळी जामीन’ सापडेल: गावकरी एकमेकांना जामीन, एक चुकला की दुसरा धरला. माझं तर ठाम मत आहे की सॉलिडॅरिटीचा गाभा ‘एकजूट’पेक्षा ‘जामीन’ या शब्दात जास्त आहे. कोशवाले हसतील, हसू देत. त्यांनी हडपसरला मायक्रोफायनान्सच्या हप्त्याची बैठक बघावी. एका बाईचा हप्ता कमी पडला की वसुलीचा साहेब सतरंजीवरून हलत नाही. बाकीच्या बायका ब्लाउजमधली छोटी पाकिटं काढून पन्नास-शंभर घालतात, आणि मग न आलेलीच्या नावाने बोटं मोडतात. कागदोपत्री याचं नाव ‘संयुक्त दायित्व गट’. हीसुद्धा इन सोलिडुमच, पण सावकाराने लादलेली. दुसऱ्याचं देणं आपणहून डोक्यावर घेतलं तर ती राजकीय एकजूट. नुसतं पत्रक काढून घरी गेलात तर तो पाठिंबा. ‘पॅलेस्टाईनच्या स्त्रियांशी एकजूट’ असं लिहिणाऱ्याने आपल्या डोक्यावर नेमकं कोणतं देणं घेतलं, ते पुढच्या वाक्यात सांगावं.

‘आपल्याकडे असली सीमेपलीकडची एकजूट कुठे होती’ असं म्हणणाऱ्या एका व्याख्यात्यालाही उत्तर देऊन टाकतो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामाबद्दल. आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवावा अशी इच्छा तिथेच नोंदवली. अटलांटिकपलीकडचं काम पाहून आपल्या दारचं देणं मोजणं म्हणजे दुसरं काय असतं? त्यासाठी त्यांना ‘एकजुटता’ लागली नाही.

राहिला ‘ट्रान्सनॅशनल’. ‘आंतरराष्ट्रीय’ नको, त्यात राष्ट्रं समोरासमोर बसतात आणि बायका मागे उभ्या राहतात. ‘पारराष्ट्रीय स्त्रीवाद’ लिहा. छापताना ‘पा’चा काना तेवढा सांभाळा, तो गळला की ‘परराष्ट्रीय’ होईल आणि तुमचा अभ्यासक्रम परराष्ट्र खात्याकडे जाईल.