पांढऱ्या सबटायटलच्या कडेला रंगीत रेघ दिसते. प्रोजेक्टरचं लाइट इंजिन बदलावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की थ्री-चिप डीएलपी प्रोजेक्टरवर (लाल, हिरवा आणि निळा यांना एकेक वेगळी चिप असलेल्या) पांढऱ्या सबटायटलच्या डाव्या कडेला लाल आणि उजव्या कडेला निळसर रेघ दिसते, कलर कॅलिब्रेशन पुन्हा करूनही ती गेली नाही, आणि आता लाइट इंजिन, म्हणजे प्रिझम आणि तिन्ही चिप असलेला अख्खा भाग, बदलायला सांगितलंय. इतक्यात हो म्हणू नका. आधी रेघ नीट बघा, निम्मं निदान तिथेच होतं.

कॅलिब्रेशनने ती जाणारच नव्हती. त्यात सेन्सर लाल, हिरवा, निळा आणि पांढरा रंग मोजतो आणि पांढरा ठरलेल्या छटेवर (रंग मोजण्याच्या आकड्यांत x ०.३१४, y ०.३५१) यावा असा हिशेब लावतो. कोणता रंग पडद्यावर कुठे पडतोय, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तुमची तक्रार जागेची आहे, म्हणजे कन्व्हर्जन्सची (तिन्ही रंग पडद्यावर एकाच जागी जुळण्याची). प्रिझम प्रकाशाचे तीन भाग करून तीन चिपवर टाकतो आणि परत एकत्र आणतो. चिपवर प्रत्येक पिक्सेलसाठी एक चिमुकला आरसा असतो; ०.९८ इंची २के (२०४८ पिक्सेल रुंद) चिपवर तो १०.८ मायक्रॉनचा असतो. म्हणजे चिप मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी सरकली, की दहा मीटर रुंद पडद्यावर तो रंग जवळपास ५ मिलिमीटर बाजूला पडतो.

पण रंगीत कड दिसली की कन्व्हर्जन्सच गेला, असं धरून चालू नका. काळ्यावर पांढऱ्या रेघांची ग्रिड लावा आणि पडद्याच्या मध्यापासून चारही कोपऱ्यांपर्यंत चालत जाऊन जवळून बघा. लाल सगळीकडे डावीकडेच असेल तर चिप सरकलीय. डाव्या टोकाला लाल वर आणि उजव्या टोकाला खाली असेल तर ती किंचित फिरलीय. मध्यभाग स्वच्छ आणि दोन्ही टोकांना लाल बाहेरच्या बाजूला (किंवा दोन्हीकडे आतल्या बाजूला) असेल, तर दोष लेन्सचा आहे. लेन्स शिफ्ट (चित्र वर-खाली किंवा बाजूला न्यायला लेन्स सरकवणं) खूप ताणलेली असेल तर हे वाढतं, आणि चिपचे स्क्रू कितीही फिरवले तरी ते सुटत नाही. अंधूक पण पूर्ण रंगांची दुसरी प्रतिमा दिसत असेल तर ते बूथच्या (प्रोजेक्टरच्या खोलीच्या) काचेतलं प्रतिबिंब. शक्य असेल तर काच काढून बघा.

आता रेघेचा रंग बारकाईने बघा. उजवी कड खरोखर निळी आहे की आकाशी? पांढऱ्यातून लाल वजा झाला की हिरवा आणि निळा उरतात, ते मिळून आकाशी दिसतं. तेव्हा डावी लाल आणि उजवी आकाशी असेल तर एकटा लाल डावीकडे गेलाय. उजवी निळी आणि डावी पिवळी असेल तर निळा उजवीकडे गेलाय. दोन्ही मिसळून दिसत असेल तर दोघंही हललेत. तुमच्या वर्णनावरून मला लाल एकटाच वाटतो, पण पडदा न बघता खात्री देणार नाही.

जुळवणी थंड मशीनवर कधीच करू नका. चिपची बैठक तापल्यावर प्रसरण पावते, त्यामुळे सकाळी तंतोतंत जुळवलेलं रात्रीच्या शोला सुटतं. नेहमीच्या ब्राइटनेसवर मशीन अर्धा तास तरी चालू ठेवा. फोकस आधी नीट करून घ्या. हिरव्याला हात लावायचा नाही, तो आधार. निळा बंद करून फक्त लाल-हिरवी ग्रिड लावा. जुळलेली रेघ निखळ पिवळी दिसते, सुटलेली लाल-हिरवी फाटते. मग लाल बंद करून हिरवा-निळा. निळा सगळ्यात शेवटी, कारण डोळ्याला निळ्याची कड धूसरच दिसते आणि तिथे घाई केली की फसगत होते. एकाने पडद्याजवळ उभं राहून सांगायचं, दुसऱ्याने बूथमध्ये फिरवायचं. एकट्याने करायचं तर दुर्बीण हवी.

स्क्रू किंवा नॉब कुठे आहेत ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. काही नव्या मॉडेलमध्ये हे सॉफ्टवेअरने होतं. हाताने करायचं असेल तर फिरवणं अगदी थोडं. एक स्क्रू हलला की दुसऱ्याचं थोडं बिघडतं, म्हणून मध्य, कोपरे, परत मध्य असं फिरत राहावं लागतं. शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करा, नाहीतर आट्यांमधली ढील नंतर जागा सोडते. अर्ध्या पिक्सेलच्या आत आलं की थांबा, प्रेक्षकाला खुर्चीतून ते दिसत नाही.

हे काम मशीन चालू ठेवून होतं, म्हणून झेनॉन किंवा लेझरचं प्रशिक्षण नसेल तर झाकण उघडू नका, इंटरलॉक (झाकण उघडताच मशीन बंद करणारा सुरक्षा स्विच) तर कधीच बायपास करू नका. सील असलेला भाग उघडला तर टॅम्पर (छेडछाडीची नोंद) लागून एन्क्रिप्टेड सिनेमा चालायचा बंद होईल, तेव्हा त्याला अधिकृत माणूसच हवा.

जुळवल्यावर आठवडाभराने परत तापलेल्या मशीनवर तीच ग्रिड लावा. पुन्हा सुटलं असेल तर एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि कूलंटची पातळी तपासा, उष्णता नीट बाहेर जात नसेल तर चिप एका जागी टिकत नाहीत. कूलिंग ठीक असूनही सरकत असेल, किंवा एक कोपरा जुळवला की समोरचा हटकून सुटत असेल, तर मात्र बैठक किंवा प्रिझम हललाय. इंजिन बदलायची गोष्ट मग काढा, आणि कोटेशन मागताना त्या ग्रिडचे मध्याचे आणि चारही कोपऱ्यांचे जवळून काढलेले फोटो सोबत द्या.