सासूबाईंचा डबा, अंकुशी रुपया आणि चिंचेचा कोळ : चांदीच्या नाण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

चांदीचा भाव चढला की माझ्याकडे येणारे प्रश्न वाढतात. बहुतेकांना एकच विचारायचे असते, ‘याचे किती येतील?’ ते मी सांगतोच, पण आधी हातात काय आहे ते बघू या. यावेळी त्यातलेच काही प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : सासूबाईंच्या मागे त्यांच्या लोखंडी पेटीत 23 चांदीचे रुपये सापडले. काही राणीछाप, काही राजाचे. सराफ म्हणतात, सगळे एकाच भावाने घेतो. द्यावेत का? (साताऱ्याहून एक ताई)

थांबा. ‘एकाच भावाने’ म्हटले की सराफ वजनाने घेणार, आणि या 23 रुपयांत चांदी सारखी नाही.

पत्राबरोबरच्या फोटोंत 14 रुपये राणीचे, 6 पंचम जॉर्जचे आणि 3 रुपये 1944 चे दिसतात. कंपनी सरकारने 1835 मध्ये सगळ्या मुलखात एकच रुपया चालू केला. त्याचे वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि चांदी 91.67 टक्के. तेव्हाच्या तोळ्याचे वजनही नेमके हेच. जुन्या माणसांच्या तोंडी असलेला ‘रुपयाभार’ हा शब्द इथलाच; घरात वजने नसली तर रुपया तागडीत टाकायचा. दुसऱ्या महायुद्धात चांदीची ओढाताण झाली आणि 1940 पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली. उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. वजन तेच, चेहराही राजाचाच, त्यामुळे पेटीतून काढताना फरक कळत नाही. म्हणजे तुमच्या पहिल्या 20 रुपयांत मिळून साधारण 214 ग्रॅम शुद्ध चांदी आहे आणि शेवटच्या तिघांत जेमतेम साडेसतरा ग्रॅम. नाणी झिजलेली असतील तर आकडा थोडा खाली येईल.

हा झाला वितळवण्याचा हिशेब. नाण्यांचा हिशेब वेगळा. राणीच्या रुपयांची आधी वर्षे बघा. 1840 च्या रुपयावर राणी तरुण आहे, डोक्यावर मुकुट नाही आणि मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आहे. 1862 पासून कंपनीचे नाव गेले आणि राणीच्या डोक्यावर मुकुट आला. 1877 पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आले. गंमत 1862 ची आहे. पुढची बारा वर्षे टांकसाळीत रुपये पडत राहिले ते 1862 हेच साल घेऊन. मागच्या बाजूला सालाच्या आसपास बारीक ठिपके असतात, त्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून संग्राहक एकेक प्रकार वेगळा काढतात. तुमच्याकडे 1862 चे पाच रुपये दिसतात. भिंग घ्या आणि दुपारच्या उजेडात ते पाच नीट बघा.

पंचम जॉर्जच्या सहांत एखादा 1911 चा असेल तर तो बाजूला काढा. त्या वर्षी राजाच्या अंगरख्यावरच्या हाराचा हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला गेला, की लोकांना ते डुक्कर वाटले. आरडाओरडा झाला, रुपया मागे घ्यावा लागला आणि 1912 मध्ये हत्तीला हत्तीसारखी सोंड मिळाली. षष्ठ जॉर्जच्या रुपयांत 1939 हे साल असेच दुर्मीळ आहे. पण बाजारात हिंडणारे 1939 चे बरेच रुपये नकली असतात, म्हणून त्या सालाला मी नेहमी दोनदा तोलतो.

विकायचेच असेल तर आधी 1944 चे तीन द्या. बाकीचे वेगळे करून नाण्यांच्या जाणकाराला दाखवल्यावर ठरवा. सासूबाईंनी काही रुपयांना कडी झाळून घेतली आहे, तीही काढू नका. कडी काढली तरी डाग राहतोच, आणि कडीचे रुपये गळ्यात घालायची रीत हीसुद्धा त्या नाण्याच्या इतिहासातलीच गोष्ट आहे.

प्रश्न : कोकणातल्या दमट हवेने माझी नाणी काळी पडली आहेत. चिंचेच्या कोळाने चकाचक होतील का? (चिपळूण)

होतील. आणि त्यानंतर ती नाणी म्हणून फारशी उरणार नाहीत.

हे मी स्वतः करून बसलो आहे. बारा वर्षांचा असताना आजोबांचा 1840 चा रुपया राख आणि चिंच लावून घासला. दिवाळीच्या भांड्यांसारखा लखलखला, आजीने कौतुकही केले. आज तो माझ्याकडे आहे, पण राणीच्या केसांच्या बटा सपाट झाल्या आहेत आणि सगळीकडे बारीक चरे आहेत. तो काळा होता तेव्हाच चांगला होता.

काळेपणा म्हणजे चांदी आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांचा पातळ थर. वरचा काळा थर घासून काढताना त्याच्यात गेलेली चांदीही आपण खरवडतो, आणि उठाव नेमका तिथेच असतो. संग्राहक जुन्या नाण्यावरच्या त्या करड्या-निळसर छटेचे पैसे देतात. घासलेले नाणे जाणकार लांबून ओळखतो. राख, रांगोळी, टूथपेस्ट, लिंबू, सराफाकडचे पॉलिश, सोडा आणि अॅल्युमिनियमच्या कागदाची युक्ती, नाण्यांना यातले काही नको. पूजेच्या वाट्यांना खुशाल लावा.

नाण्यावर तेल, मेण किंवा चिकटपट्टीचा डिंक असेल तर केमिस्टकडून शुद्ध अॅसिटोन आणा. नखांचे रंग काढायचे नव्हे, त्यात बाकीची भर असते. काचेच्या वाटीत नाणे भिजवा, खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस नको. घासायचे नाही, आपोआप वाळू द्यायचे.

तुमची खरी अडचण साठवणीत आहे. फोटोत नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत दिसतात. ती पीव्हीसीची असतील तर काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो, आणि चांदीत मिसळलेल्या तांब्याला तो खाऊ लागतो. मायलार या पॉलिएस्टर प्लास्टिकची पाकिटे घ्या. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र यांत नाणी ठेवू नका. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. नाणे धरायचे ते कडेने, पानपट्टीवाला सुपारी धरतो तसे.

प्रश्न : आमच्या वाड्यात एक जाडसर, वेडावाकडा चांदीचा रुपया मिळाला. वर फारसी अक्षरे आहेत. मामा म्हणतात मोगलांचा, मी म्हणतो पेशव्यांचा. (पुणे)

तुमचे दोघांचेही थोडेथोडे बरोबर आहे, आणि मला हा सगळ्यात आवडलेला प्रश्न आहे.

पेशवाईतले रुपये मोगल बादशहाच्या नावाने पडत. बादशहाची सत्ता दिल्लीच्या आसपास उरली होती तरी त्याच्या नावाचा रुपया पेठेत कुणी नाकारत नसे. मालकी कळावी म्हणून टांकसाळ एखादी खूण घाली. तुमच्या नाण्याच्या फोटोत डावीकडे वाकड्या टोकाची जी काठी दिसते, तो हत्तीचा अंकुश आहे. म्हणून हा अंकुशी रुपया, पुण्याच्या टांकसाळीचा. पुण्याचे नाव त्यावर ‘मुहियाबाद पूना’ असे येते. औरंगजेबाने शहराला दिलेले नाव कागदांपेक्षा नाण्यांवरच जास्त टिकले. नाशिककडच्या चांदवडचा रुपयाही मोगल बादशहा शाहआलमच्या नावाचा आणि त्याच्यावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे असते.

अक्षरे अर्धी का? छाप मोठा आणि चांदीची चकती लहान. हाताने हातोडा मारायचा, त्यामुळे छापाचा जो भाग चकतीवर बसेल तेवढाच उमटणार. म्हणून एका रुपयावर बादशहाचे नाव मिळते, दुसऱ्यावर गावाचे, तिसऱ्यावर नुसते साल. बाजूचे चौकोनी-गोल ठोके सराफांचे. नाणे हातात आले की सराफ त्यावर आपली खूण ठोकून ‘हे मी पारखले’ असे सांगत. मामांना हे सांगा, नाहीतर ते ठोके त्यांना खोट वाटतील.

एक सावधगिरी. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावरही कंपनी सरकारने काही वर्षे अंकुशी छाप चालू ठेवला. त्यामुळे ‘पेशव्यांचा’ म्हणण्याआधी साल वाचून घ्या. त्यात फसली सनही, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचे वर्षही येते, तेव्हा एखाद्या फारसी जाणणाऱ्याकडे जा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. रविवारची सहल म्हणूनही दोन्ही जागा चांगल्या.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे. महिन्याला 500 रुपये काढू शकतो. चांदीची नाणी जमवता येतील का? (लातूर)

500 रुपयांत आज अख्खा चांदीचा रुपया येणार नाही, हे उघड सांगतो. काही महिने साठवून एक घे. किंवा खालून चढ. चवली म्हणजे दोन आणे, दीड ग्रॅमलाही किंचित कमी, पावली तिच्या दुप्पट, अधेली 5.83 ग्रॅम. एका राजाची चवली, पावली, अधेली आणि रुपया अशी चौकडी लावली की वर्ष मजेत जाते.

पण लातूरचा मुलगा म्हणून मी तुला वेगळेच सुचवीन. तुझ्या पणजोबांच्या कमरेच्या पिशवीत राजाचा रुपया नव्हता, निजामाचा होता. हाली सिक्का म्हणत त्याला. एका बाजूला चारमिनार, वजन 11.18 ग्रॅम, चांदी 81.8 टक्के, म्हणजे इंग्रजी रुपयापेक्षा दोन्ही बाबतींत कमी. सरहद्द ओलांडून सोलापूरच्या बाजारात गेले की बट्टा पडे, म्हणजे रुपयाला पुरता रुपया मिळत नसे. साल हिजरी असते, त्यासाठी उर्दू आकडे शिकावे लागतील. दहा आकडे आहेत, एका संध्याकाळचे काम. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असते, ते कोणत्या निजामाचे हे शोधून काढ आणि मला कळव.

विकत घेण्याआधी 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घे. वजनाखेरीज एक घरगुती परीक्षा सांगतो. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य कर. दोऱ्याला बांधलेले नाणे पाण्यात सोड, तळाला टेकू देऊ नकोस. इंग्रजी रुपया असेल तर काटा 1.13 च्या आसपास दाखवील. तांबे-निकेलचा नकली रुपया वजनाला बरोबर असला तरी 1.3 च्या घरात जातो. खणखणीत वाजतो का, हेही बघावे, पण आवाजाला मी फसलो आहे, पाण्याला नाही.

प्रश्न : 1947 चा वाघाचा रुपया चांदीचा का? आणि 1818 सालचे रामदरबाराचे नाणे लाखाला जाते म्हणतात. (नागपूर)

वाघाला लोहचुंबक लावा, चिकटेल. तो शुद्ध निकेलचा आहे. 1947 च्या रुपयात चांदी नाही. तरी तो शेवटचा राजाचा रुपया, एक जवळ असावा.

कंपनीने रामदरबाराचे नाणे कधीही पाडले नाही. 1616, 1717, 1818 अशी साले आणि मारुती-राम घातलेले तुकडे हे नंतर कुणीतरी बनवलेले टाक आहेत. तांदूळ ओढून घेणाऱ्या नाण्याची थाप तर उघड गुन्हेगारांची. देव्हाऱ्यात ठेवायचे असेल तर ठेवा, पण ‘आधी नोंदणीचे पैसे भरा, मग लाख देतो’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात नसते, तिने तसे जाहीरही केले आहे.

प्रश्न : मला नाण्यांपेक्षा करंडे, निरांजने, अत्तरदाण्या जमवायला आवडतात. ओळखायचे कसे? (कोल्हापूर)

चांदीकामाचे हुपरी गाव तुमच्या दारात आहे, आधी तिथे जा. पैंजणाच्या कारागिराशेजारी एक दुपार बसलात तर झाळ कुठे लागते, पत्रा किती पातळ ओढतात, हे डोळ्यांना कळेल. ‘किती टंच?’ हे विचारायला लाजू नका. 80 टंच म्हणजे शंभरात ऐंशी भाग चांदी. जुन्या घरगुती वस्तूंत झाळेमुळे हे प्रमाण आणखी खाली जाते.

फसवणूक बहुधा वजनात असते. चवरीची मूठ, पाट, मखर यांवर चांदीचा पत्रा आणि आत लाकूड किंवा लाख असते. अत्तरदाणीच्या बैठकीतही लाख भरलेली सापडते. तराजूवर ठेवून भाव करणाऱ्याला आधी ते विचारा. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदीचा कणही नसतो, तांबे, जस्त आणि निकेल एवढेच. कडा झिजून आत पिवळसर झाक दिसली तर समजा.

मी स्वतः नाव कोरलेल्या वस्तू घेतो. बारशाच्या वाटीवर ‘चि. बाळास मामाकडून’ आणि खाली साल असले, की मला दोन ग्रॅम चांदी कमी चालते.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. दिवाळीला आली की आजीचे राणीछाप रुपये आणि करंडा तिच्याबरोबर द्यायचा आहे. (ठाणे)

राणीछाप देता येणार नाहीत. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी नाणीही पुरावस्तू ठरतात आणि त्या देशाबाहेर खासगी माणसाला नेता येत नाहीत. घरचे आहेत, आजीचे आहेत, हे विमानतळावर चालत नाही. करंड्याचे वय नक्की नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, आणि त्यासाठी दिवाळीच्या बरेच आधी अर्ज करा.

तुमच्या यादीत 1942 आणि 1945 चे दोन रुपये आहेत. ते शंभरीच्या अलीकडचे, ते तिला देता येतील. चांदी निम्मीच आहे, पण आजीचे लग्न 1945 चे असे तुम्हीच लिहिले आहे.