डोळ्यांचे थेंब, सर्दीची गोळी आणि काचबिंदू

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. दर उन्हाळ्यात त्याचे डोळे लाल होतात आणि इतकी खाज सुटते की तो झोपेतही डोळे चोळतो. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी थेंब लिहून दिले होते व दोन दिवसांतच आराम पडला. पुढे त्रास सुरू झाला की आम्ही दुकानातून तीच बाटली आणत राहिलो. गेल्या आठवड्यात चष्म्याचा नंबर काढताना डोळ्यांचा दाब ३४ आणि ३० निघाला व काचबिंदूची शंका सांगितली गेली. आमच्या घरात कोणालाही काचबिंदू नाही. हे थेंबांमुळे झाले असेल का? गेलेली नजर परत येईल का?
— एक आई, अकोला

उत्तर : होय, हे थेंबांमुळे झालेले असू शकते. बाटलीवरील बारीक अक्षरांतले औषधाचे मूळ नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही आढळले, तर ते स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि खाज दाबणारे जोरदार औषध आहे. पुष्कळदा त्यात प्रतिजैविकही मिसळलेले असते आणि म्हणून घरोघरी ते ‘डोळे आल्यावरचे औषध’ म्हणून जपून ठेवले जाते.

डोळ्याच्या आत एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो (हे अश्रू नव्हेत) आणि बुबुळाच्या कडेशी असलेल्या सूक्ष्म जाळीतून तो झिरपून बाहेर जातो. स्टेरॉइडमुळे काही जणांच्या या जाळीत बदल होऊन निचरा मंदावतो, दाब वाढतो आणि वाढलेला दाब डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू हळूहळू मारतो; हाच काचबिंदू. साधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा असतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत असे दिसले की काही आठवडे हे थेंब घातल्यावर सुमारे एक तृतीयांश लोकांचा दाब मध्यम प्रमाणात आणि शंभरातील साधारण पाच जणांचा फार वाढतो. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे त्यांना धोका अधिक असतो, परंतु घरात कोणालाही नसताना हा आजार होतो आणि लहान मुलांमध्ये दाब लवकर व जास्त चढू शकतो.

या काचबिंदूत डोळा दुखत नाही. उलट खाज थांबते, लाली जाते, मूल शांत झोपते. औषध जितके गुणकारी वाटते तितकी त्याच्याविषयीची शंका कमी होते. नजर कडेकडून जाते आणि समोरचे बराच काळ स्वच्छ दिसत राहते, त्यामुळे मुलाला स्वतःला काहीच जाणवत नाही. म्हणूनच तुम्ही स्वतःला दोष देऊ नये, असे मी मनापासून सांगते. थेंब कोणत्या दिवशी बंद करायचे आणि दाब केव्हा मोजून घ्यायचा, हे पहिल्याच चिठ्ठीवर ठळक लिहिलेले असायला हवे होते. शिवाय ही औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे.

आता नवी बाटली आणू नका आणि एक-दोन दिवसांतच काचबिंदूच्या तज्ज्ञांकडे जा. थेंब कसे थांबवायचे हे त्यांनाच ठरवू द्या, कारण अशी ॲलर्जी एकदम उफाळली तर बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर जखम होऊ शकते. ते नसेची तपासणी, ओसीटी (डोळ्याच्या आतील थरांचे प्रकाशाच्या साहाय्याने घेतलेले चित्र) आणि दृष्टिक्षेत्राची, म्हणजे कडेपर्यंत किती दिसते याची, चाचणी करतील. अकरा वर्षांचा मुलगा ती चाचणी नीट समजावल्यास देऊ शकतो. स्टेरॉइडमुळे मोतीबिंदूही होतो, तोही तपासून घ्यावा. थेंब थांबल्यावर बहुतेकांचा दाब काही आठवड्यांत उतरतो. वापर दीर्घकाळ झाला असेल तर तो चढलेलाच राहू शकतो आणि मग दाब कमी करणारी औषधे, क्वचित शस्त्रक्रिया लागते. नसेचे जे तंतू मेले ते परत येत नाहीत, हे मला तुम्हाला स्पष्ट सांगावे लागेल. पण आज शिल्लक असलेली नजर वाचवता येते, आणि अकराव्या वर्षी ती वाचवणे फार मोलाचे आहे.

खाजेसाठी ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे थेंब, गरज पडल्यास सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे मलम आणि गार पाण्याच्या पट्ट्या हा मार्ग आहे. मुलगा नाकाचा स्टेरॉइड फवारा किंवा दम्याचा पंप घेत असेल तर तेही सांगा, मात्र पंप आपल्या मनाने बंद करू नका. पापण्यांवर लावलेल्या स्टेरॉइडच्या मलमानेही दाब वाढू शकतो. चेहरा उजळण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या काही मलमांत हेच औषध असते.

प्रश्न : मी ६२ वर्षांचा असून मला काचबिंदू आहे. सर्दीच्या गोळ्यांसोबतच्या कागदावर ‘काचबिंदू असल्यास घेऊ नये’ असे लिहिलेले असते. मी त्या कधीच घेऊ नयेत का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ही सूचना मुख्यतः डोळ्यातील निचऱ्याचा कोन (बुबुळाच्या कडेची, द्रव झिरपवणारी जाळी असते ती जागा) अरुंद असणाऱ्यांसाठी आहे. सर्दीच्या काही गोळ्यांमुळे बाहुली मोठी होते आणि अरुंद कोन अचानक बंद पडू शकतो. धोतऱ्याचा चीक डोळ्यात गेल्यावर बाहुली मोठी होते, ती याच प्रकारच्या परिणामाने. तेव्हा ‘माझा कोन उघडा आहे की अरुंद?’ हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारा. उघडा असेल, किंवा लेझरने बुबुळाला छिद्र पाडून घेतले असेल, तर अशा गोळ्या थोडे दिवस घेता येतात का, हे ते सांगू शकतील.

अर्धशिशी आणि अपस्माराच्या टोपिरामेट या औषधाची गोष्ट निराळी आहे. त्याने डोळ्याच्या आतील थरांत पाणी साचून भिंग पुढे ढकलले जाते, त्यामुळे उघडा कोनसुद्धा बंद होऊ शकतो आणि बहुधा दोन्ही डोळ्यांना एकदमच त्रास होतो. ते सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात नजर अचानक धूसर झाली, डोळे दुखू लागले किंवा दिव्यांभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही लगेच फोन करावा.